‘निस्बत’ : नाते, ओढ आणि वलींची ओळख

काही शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थाचा एखादाच धागा बरोबर नेतात. ‘निस्बत’ हा अरबी शब्द त्यांपैकी एक होय. नून, सीन, बे या मूळ अक्षरांपासून तो सिद्ध झाला आहे. ‘नसब’ म्हणजे वंश, ‘मुनासिब’ म्हणजे योग्य, ‘तनासुब’ म्हणजे प्रमाण. हे सर्व एकाच कुळातील शब्द. उर्दूत ‘निस्बत’ म्हणजे संबंध, नाते, तसेच एखाद्या गोष्टीविषयीची ओढ. निस्बत ठरली म्हणजे सोयरीक जुळली. मुरीदाचे पीराशी जडलेले आत्मिक नाते हीदेखील निस्बतच. उर्दू माध्यमाच्या गणितात मात्र ‘निस्बत’ म्हणजे गुणोत्तर.

या अर्थांची फाटाफूट पाहण्यास सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका सोयीचा आहे. चलथाण, कडोदरा हा औद्योगिक पट्टा याच तालुक्यात येतो. उधना-जळगाव लोहमार्ग चलथाणवरून खानदेशाकडे जातो व कापडधंद्याने या भागात अनेक मराठी कुटुंबे आणली. त्यामुळे मराठी, गुजराती व उर्दू यांचा येथे शेजार आहे. गुजराती समीक्षेत ‘सामाजिक निस्बत’ म्हणजे समाजाविषयीची बांधिलकी. मराठीत हा शब्द पेशवेकालीन कागदपत्रांत ‘निसबत’ या रूपाने ‘ताब्यातील’, ‘तर्फेचा’ अशा अर्थाने येतो; आजच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेला आहे. म्हणजे गुजरातीने जिव्हाळा घेतला, मराठी दप्तराने अधिकार घेतला आणि सोयरीक उर्दूकडे राहिली.

व्याकरणात याच शब्दावरून ‘या-ए-निस्बती’ ही संज्ञा आली. सुरतचा तो सुरती, दखनचा तो दखनी. उर्दू गझलेचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे वली यांच्याबाबतीत या एका ‘ई’काराने मोठा वाद उभा केला. बहुतेक अभ्यासक त्यांचा जन्म औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) मानतात व त्यांना ‘वली दखनी’ म्हणतात. जहीरुद्दीन मदनी यांनी मात्र आपल्या ग्रंथाचे नावच ‘वली गुजराती’ असे ठेवले. दखनी पक्ष भाषेतील दखनी रूपे पुढे करतो. गुजराती पक्ष अहमदाबादच्या शाह वजीहुद्दीन यांच्या मदरशाशी असलेला वलींचा संबंध, तेथील देहान्त, सुरत शहराच्या स्तुतीची मसनवी आणि गुजरातच्या विरहावरील काव्य यांचा आधार घेतो.

दोन्ही पक्षांचे पुरावे मोलाचे आहेत. दोष आहे तो प्रश्नाच्या मांडणीत. निस्बत म्हणजे केवळ नसब, असे दोघेही गृहीत धरतात आणि कवीचा जन्मदाखला शोधू लागतात. परंतु सुरतेची मसनवी किंवा विरहकाव्य हे जन्माचे पुरावे नव्हेत, ते ओढीचे पुरावे आहेत. परगावाविषयीही विरह वाटू शकतो. सोयरीक रक्ताबाहेरही जुळते, मुरीद पीराच्या वंशातला असावा लागत नाही, आणि गुणोत्तराला तर दोन पदे लागतातच. शब्दाचे हे अर्थ ध्यानात घेतले तर ‘दखनी’ व ‘गुजराती’ ही विशेषणे परस्परविरोधी उरत नाहीत. पहिले उगम सांगते, दुसरे जडलेले नाते.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही. २००२ च्या दंगलीत अहमदाबाद येथील वलींची मजार उद्ध्वस्त करण्यात आली व त्या जागेवर रस्ता झाला. ज्यांनी त्या शहरावर जीव लावला, त्यांची तेथील खूणही उरली नाही. अशा वेळी पाठ्यपुस्तकातील एका विशेषणाचे महत्त्व वाढते.

महाविद्यालयीन अध्यापकांनी म्हणून वली शिकवताना दोन्ही नावे फळ्यावर लिहावीत आणि ‘निस्बत’चे सर्व अर्थ उलगडून दाखवावेत. घरात मराठी वा उर्दू आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तू कोठला?’ हा प्रश्न नेहमीच विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर दोन गावांचे असू शकते, हे वलींच्या उदाहरणाने त्याला सांगता येईल.