पाडलेल्या मैदानाचा अल्बम



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला वाटेत गाठून विचारलं, समीक्षेच्या व्यासपीठावर बेसबॉल कशाला? आणि तेही जे मैदान पाडून साठ वर्षं उलटून गेली त्याचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की आम्हाला आज एका साहित्यप्रकाराविषयी बोलायचं आहे. त्याला अजून नाव मिळालेलं नाही. एक जुना फोटो, आणि त्याच्या सोबत कुणा चाहत्याने सांगितलेली चार-पाच वाक्यांची आठवण, एवढाच तो प्रकार. तो वाचतात सगळे, पण त्याची परीक्षा कुणी करत नाही. ‘लोकांच्या भावना आहेत’ म्हणून सोडून देतात. आम्हाला वाटतं, हा त्या लोकांचा अपमान आहे. जे गंभीरपणे सांगितलं जातं, ते गंभीरपणे तपासलं पाहिजे.

उदाहरण म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं एब्बेट्स फील्ड घेऊ. आधी थोडी माहिती, म्हणजे सगळे एका पानावर येऊ.

हे मैदान १९१३ साली सुरू झालं. चार्ल्स एब्बेट्स हा संघाचा मालक. पिगटाउन नावाच्या गरीब, उकिरड्याच्या वस्तीतले जमिनीचे तुकडे त्याने थोडे थोडे करून विकत घेतले आणि तिथे मैदान बांधलं. संघाचं नाव डॉजर्स, म्हणजे चुकवणारे. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामगाड्या इतक्या होत्या की त्या चुकवत चालणं हीच तिथल्या माणसाची ओळख झाली, तेच नाव संघाला चिकटलं. १९५७चा हंगाम संपला आणि संघ सुमारे अडीच हजार मैल लांब, लॉस एंजेलिसला निघून गेला. १९६०मध्ये मैदान पाडलं. पाडकामाचा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता, पांढरा, वर लाल टाके. १९६२मध्ये त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. झालं. इतिहास एवढाच. अल्बम मात्र अजून वाढतोच आहे.

आता अल्बम उघडू. काही फोटो त्यात हटकून असतात. पहिला, प्रवेशदालनाचा. गोल दालन, संगमरवरी, आणि छताला झुंबर, ज्याचे हात बॅटच्या आकाराचे आणि दिवे चेंडूच्या आकाराचे. दुसरा, उजवीकडच्या धावफलकाखालच्या फळीचा. एब स्टार्क या कपडे विकणाऱ्याची ती जाहिरात. फटका थेट या फळीवर बसला तर खेळाडूला सूट फुकट. पुढे हाच स्टार्क ब्रुकलिन बरोचा अध्यक्ष झाला. तिसरा, हिल्डा चेस्टर नावाच्या बाईंचा. गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा हातात धरून वाजवणाऱ्या. चौथा, मैदानाबाहेरच्या बेडफर्ड अव्हेन्यूचा. उजवीकडची भिंत जेमतेम तीनशे फुटांवर, त्यामुळे चेंडू भिंतीवरून थेट रस्त्यात यायचा, आणि तिथे पोरं टपून बसलेली.

हे फोटो आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले, आणि सोबतच्या आठवणी वाचल्या. एक गोष्ट चटकन लक्षात येते. फोटोत जे नसतं, नेमकं तेच आठवण भरते. हिल्डाबाईंच्या फोटोत घंटा दिसते, पण ऐकू येत नाही. मग सांगणारा आवाज सांगतो, घंटेचा, ग्लॅडिस गुडिंग यांच्या ऑर्गनचा, आणि स्टँडमध्ये हिंडणाऱ्या हौशी बँडचा, जो मुद्दाम बेसूर वाजवायचा. फोटो काळापांढरा असतो, आणि आठवण रंगीत.

रंगावरून आठवलं. या आठवणींत एक प्रसंग इतक्या वेळा येतो की त्याला या प्रकारातला ठरलेला प्रवेशच म्हणायला हवं. मूल वडिलांचा हात धरून अंधाऱ्या बोगद्यासारख्या वाटेने स्टँडखालून चढत जातं, आणि एकदम समोर हिरवंगार गवत. सांगणारा म्हातारा झालेला असतो, पण त्या हिरव्यापाशी येऊन थबकतो. असं का? तर या मुलांनी तोवर मैदान पाहिलं होतं ते घरच्या टीव्हीवर, काळंपांढरं. मोठ्या लीगचा पहिला सामना टीव्हीवर दाखवला गेला तोही याच मैदानातून, २६ ऑगस्ट १९३९ रोजी. म्हणजे त्यांच्यासाठी खरं मैदान म्हणजे हिरवं मैदान. त्यात वडिलांचा हात आला की आठवण पक्की झालीच. आम्ही याला साचा म्हणू, पण खोटा म्हणणार नाही. ओव्यांतही साचा असतो, आणि त्यातूनच बाई स्वतःचं खरं दुःख सांगते.

इथवर आम्ही अल्बमच्या बाजूने बोललो. आता तक्रार.

तक्रार अशी, की अल्बममध्ये एक फोटो नेहमी मागच्या पानावर असतो, किंवा नसतोच. २४ सप्टेंबर १९५७, मैदानावरचा शेवटचा सामना, पिट्सबर्गविरुद्ध. डॉजर्स २-० ने जिंकले. गुडिंगबाईंनी ऑर्गनवर निरोपाची गाणी वाजवली. आणि प्रेक्षक किती? ६,७०२. तीसेक हजार माणसं मावतील अशा मैदानात सात हजारसुद्धा नाहीत! आता तुम्हीच हिशेब करा. ज्यांनी आपण त्या दिवशी तिथे होतो असं नंतर सांगितलं, ते सगळे त्या खुर्च्यांवर बसवले तर मैदान दोनदा भरेल. (हशा)

हसण्यावारी नेऊ नका, कारण मुद्दा इथेच आहे. अल्बम म्हणतो, आम्ही होतो, आणि त्यांनी आमच्याकडून हिरावून नेलं. ‘त्यांनी’ म्हणजे वॉल्टर ओ'मॅली, संघाचा मालक. ब्रुकलिनच्या आठवणींत हा माणूस कंसमामासारखा येतो. पण कागदपत्रं वेगळं सांगतात. ओ'मॅलीला ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या चौकापाशी, नवं मैदान हवं होतं. घुमटाचं मैदान कसं असेल याचा आराखडा त्याने बकमिन्स्टर फुलरसारख्या माणसाकडून करून घेतला होता. जागा मिळवून देणं रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याच्या हातात होतं. मोझेसने सांगितलं, क्वीन्समध्ये फ्लशिंग मेडोजला जा. ते ओ'मॅलीला नको होतं. मालक नफ्याच्या मागे होता यात शंका नाही, पण पश्चिमेला निघालेल्या संघाआधी प्रेक्षकही निघून गेले होते. १९४७ साली घरच्या सामन्यांना अठरा लाखांवर माणसं आली, १९५७ साली दहा लाखांच्या जरा वर. दरम्यान ब्रुकलिनची अनेक गोरी कुटुंबं लाँग आयलंडला स्वतःच्या बंगल्यात राहायला गेली. त्यांना आता गाडी लावायला जागा हवी होती, आणि एब्बेट्स फील्डला जेमतेम सातशे गाड्यांची सोय.

आता गंमत बघा. आधी कोण निघून गेलं, हा प्रश्न अल्बममध्ये कुणी विचारत नाही. आठवण सांगणाऱ्याच्या घरच्यांनीही ब्रुकलिन सोडलेलं असतं, कित्येकदा संघाच्या आधी. ते वाक्य आठवणीतून गळतं. आम्ही कुणाला खोटारडे म्हणत नाही आहोत. प्रेम करणारा माणूस स्वतःच्या गैरहजेरीचा फोटो काढून ठेवत नाही, एवढंच.

दुसरा फोटो, १५ एप्रिल १९४७चा. जॅकी रॉबिन्सन या मैदानावर उतरला आणि मोठ्या लीगमधली सहा दशकांची वर्णबंदी मोडली. हा फोटो प्रत्येक अल्बमच्या पहिल्या पानावर असतो, आणि असायलाच हवा. पण त्याही दिवशी मैदान भरलं नव्हतं. प्रेक्षकांचा आकडा पंचवीस-सव्वीस हजारांचा, आणि त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या खूप मोठी. आज मात्र सगळं ब्रुकलिन पहिल्या दिवसापासून रॉबिन्सनच्या पाठीशी होतं असं सांगितलं जातं. फोटो नीट पाहा. खुर्च्यांवर कोण बसलंय पाहा, आणि कोण आलेलं नाही तेही पाहा. रिकामी खुर्चीही साक्षीदार असते.

तिसऱ्या फोटोने आम्हाला खरं अस्वस्थ केलं. मैदानाच्या जागी झालेल्या इमारतींना १९७२मध्ये रॉबिन्सनचं नाव दिलं. तिथे एक पाटी असायची, ‘इथे चेंडू खेळू नये’. चाहते तिथे जातात, पाटीचा फोटो काढतात आणि खाली उपहासाने लिहितात. विनोद तयारच असतो. पण त्या इमारतींत मुलं वाढली, त्यांना ‘खेळू नका’ म्हणणारी ती पाटी होती. त्यांतली बरीच मुलं कृष्णवर्णीय होती, ज्या माणसाचं नाव इमारतीला दिलं त्याच्याच समाजातली. त्यांच्या लेखी ती जागा म्हणजे स्मशान नव्हतं, घर होतं. जिना, गच्ची, खालचं अंगण, यांचेही जुने फोटो कुणाच्या तरी कपाटात असतील. एब्बेट्स फील्डच्या अल्बममध्ये त्यांना जागा नाही. अल्बमसाठी ती जागा १९६०मध्येच संपली.

आता पश्चिमेला जाऊ, कारण याच संघाचा दुसरा अल्बम तिकडे आहे.

लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचं मैदान १९६२मध्ये सुरू झालं, चावेझ रव्हीन नावाच्या टेकड्यांत. तिथे आधी ला लोमा, पालो व्हर्दे आणि बिशप या तीन वस्त्या होत्या, बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांच्या. १९५०च्या सुमाराला सरकारी गृहयोजनेसाठी म्हणून त्यांना घरं सोडायला लावली. नंतर ती योजनाच रद्द झाली. रिकामी केलेली जमीन शहराकडे राहिली, आणि पुढे सार्वमत घेऊन मैदानासाठी दिली गेली. म्हणजे डॉजर्सनी वस्ती उठवली हे अर्धंच खरं. पण जी थोडी कुटुंबं उरली होती त्यांना मे १९५९मध्ये पोलिसांनी बाहेर काढलं. एका स्त्रीला हातापायांना धरून पायऱ्यांवरून उतरवतानाचा फोटो वर्तमानपत्रांत आला.

त्याआधी, १९४८-४९मध्ये, डॉन नॉर्मार्क नावाचा एक तरुण फोटोग्राफर सहज फिरत त्या टेकडीवर पोचला होता. अंगणं, कुत्री, वाळत घातलेले कपडे, सणाचे कपडे घातलेल्या मुली, असं सगळं त्याने टिपलं. अनेक वर्षांनी ते फोटो घेऊन तो जुन्या रहिवाशांना शोधत गेला. फोटो समोर ठेवले आणि त्यांना बोलू दिलं. १९९९मध्ये त्याचं पुस्तक झालं. प्रकार तोच, फोटो आणि आठवण. पण एक फरक आहे. ब्रुकलिनचा माणूस म्हणतो, इथे मी पाहायला यायचो. चावेझ रव्हीनचा माणूस म्हणतो, इथे मी राहायचो.

दोन्ही दुःखं खरी आहेत. आम्ही त्यांची तुलना करून एकाला खालची जागा देत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की एकाच संघाचे हे दोन अल्बम शेजारी ठेवल्याशिवाय कुठलाच पूर्ण वाचता येत नाही. एकाने जे गमावलं, त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी जागा रिकामी केली गेली होती. आणि पहिलं मैदान उभं राहिलं, तेव्हाही पिगटाउनमध्ये कुणीतरी राहत होतंच की. त्यांचा तर एकही फोटो आम्हाला अल्बममध्ये सापडला नाही.

आज न्यूयॉर्कमध्ये मेट्स संघाचं मैदान आहे, २००९चं. त्याची दर्शनी बाजू एब्बेट्स फील्डवरून बेतलेली आहे, आत रॉबिन्सनच्या नावाचं गोल दालन. लोक भारावतात. आमच्या मते ते सुबक आहे, पण अल्बमपेक्षा कमी प्रामाणिक. तिथे सात हजारही माणसं नसलेली संध्याकाळ दिसायची सोय नाही. उलट जुन्या फोटोत कॅमेऱ्याने न सांगता काहीतरी पकडलेलं असतं, रिकामी रांग, पडका रंग, कडेला उभा असलेला, कुणाच्याच आठवणीत नसलेला माणूस. सांगणाऱ्याच्या गोष्टीला छेद देणारा पुरावा त्याच्याच हातातल्या फोटोत असतो. म्हणूनच हा प्रकार आम्हाला मोलाचा वाटतो.

तेव्हा चाहत्यांना विनंती एकच. फोटो दाखवत राहा, हिरव्या गवताची गोष्ट सांगत राहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ६,७०२ प्रेक्षकांचा तो फोटो मागच्या पानावरून पुढे आणा. आणि त्याखाली लिहा, की त्या संध्याकाळी आम्ही कुठे होतो.

इथेच थांबतो.