पुडीतली नीळ आणि क्लाइनचा निळा

ईव्ह क्लाइन या फ्रेंच चित्रकाराची निळी चित्रं मी फोनवर पाहिलीत, म्हणजे खरं तर पाहिलेलीच नाहीत. त्याचा निळा स्क्रीनच्या आवाक्यात बसत नाही. फोन जवळपासचा निळा दाखवून वेळ मारून नेतो. (आम्ही सॉफ्टवेअरवालेही बऱ्याचदा हेच करतो.) पण मूळ रंग माझ्या ओळखीचा आहे. कोरेगावच्या घरी तो न्हाणीत, कागदाच्या पुडीत असायचा. नीळ.

रंगद्रव्य एकच, कृत्रिम अल्ट्रामरीन. अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा निळा फार महाग, म्हणून फ्रान्समध्ये १८२४ साली स्वस्त पर्यायासाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस लागलं. १८२८ मध्ये ते गिमेला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने हा रंग केला.

ही पूड पाण्यात विरघळत नाही. म्हणून आजी ती फडक्यात बांधून पुरचुंडी शेवटच्या पाण्यात फिरवायची. नाहीतर आजोबांच्या धोतरावर निळे ठिपके पडायचे. सुती कापड जुनं होऊन पिवळं पडतं, नीळ ती पिवळी झाक मारते. कापडावरून परतणारा प्रकाश उलट जरा कमीच होतो, तरी डोळा म्हणतो, पांढरंशुभ्र. बादलीतला व्हाइट बॅलन्सच तो.

तेलात कालवली की या पुडीचं तेज जातं. क्लाइनने अशी कृत्रिम राळ वापरली, की पूड कॅनव्हासवरही कोरडीच दिसते. पुडी उघडल्यावरचा, पाणी लागण्याआधीचा निळा त्याने टिकवला. ही त्याची खरी कमाई. त्यावरच्या 'अनंत अवकाश' वगैरे गप्पा मला पटत नाहीत.

९ मार्च १९६० रोजी पॅरिसमध्ये त्याने एक प्रयोग केला. वादक वाजवत होते, नग्न स्त्रिया अंगाला निळा रंग फासून कागदावर ठसे उमटवत होत्या आणि हा रुबाबदार सुटाबुटात सूचना देत होता. हात स्वच्छ. ते पाहून चीड आली. याच्यापेक्षा आमच्या घरातली नीळ बरी, असं लिहायला बसलो आणि अडलो.

धोतर नेसून बाजार समितीत जाणाऱ्या आजोबांची बोटं कधी निळी नव्हती. आजीची नखं असायची. लग्नाकार्याला निघताना ती त्यावर लिंबाची फोड घासायची. आम्लाने हा रंग उडतो आणि किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण कडांना निळं राहायचंच.

काकाच्या लग्नाच्या फोटोत आजोबा पांढरेशुभ्र दिसतात. आजीने हात पदराखाली घेतलेत.