पाण्यासाठीं जागा कोणाची?

अनुराधा माथुर व दिलीप दा कुन्हा या दांपत्याचा ‘सोक: मुंबई इन ॲन एस्चुअरी’ हा ग्रंथ २००९ सालीं निघाला, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनांत त्याच विषयाचें प्रदर्शनही त्या वर्षीं भरलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या प्रलयाची ही मीमांसा. लेखकांचें म्हणणें असें कीं, मुंबई ही खाडीमुखावरील भूमि आहे. जमीन व समुद्र यांमधील रेषा नकाशे काढणारांनीं ओढली, पावसानें ती कधींच मानिली नाहीं. म्हणून पाणी हांकलण्यापेक्षां त्याला मुरूं द्यावें, सावकाश जाऊं द्यावें.

हें आम्हांस मान्य आहे. दादर-परळच्या रहिवाशाला तर तें ग्रंथावांचूनही ठाऊक असावें. हिंदमाता बशीसारखी खोलगट. मुसळधार पाऊस व भरती यांची गांठ पडली कीं गटारांतील पाण्याला समुद्राकडे वाट उरत नाहीं, आणि तें रस्त्यावर येतें. पंप बसले तरी तें येतच राहिलें. अखेर २०२१ पासून महापालिकेनें जवळच्या उद्यानाखालीं व मैदानाखालीं टाक्या बांधून, भरती ओसरेपर्यंत पाणी तेथें धरून ठेवण्याचा मार्ग पत्करला. पाण्याला थांबूं द्यावें, हें तत्त्व अशा रीतीनें अधिकाऱ्यांच्या गळीं उतरलें खरें, परंतु तें सिमेंटच्या पोटांत! मुरण्याची गोष्ट राहूनच गेली.

ग्रंथांतील भूमीचे उभे छेद इतके देखणे आहेत कीं, गुडघाभर पाण्यांत सामान माळ्यावर चढविणारा तळमजल्याचा भाडेकरू वाचकाच्या ध्यानांतून सुटावा. आमचा खरा आक्षेप मात्र निराळा आहे. पाण्याला जागा द्यावी, हें ठीक, पण कोणाची? गिरणगांवांत ती होती. गिरण्यांच्या आवारांत तलाव होते, मोकळी जमीन होती. १९९१ च्या नियमाप्रमाणें ही जमीन ढोबळमानानें तीन हिश्शांत वांटावयाची होती: एक मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकासाठीं. १९९६ सालीं चार्ल्स कोरिया यांच्या समितीनें या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडाही दिला. पुढें २००१ च्या दुरुस्तीनें वांटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें ग्राह्य धरलें. प्रदर्शनांत रसिक हे छेद न्याहाळीत होते, त्या सुमारास परळांत मनोऱ्यांचे पाये खणले जात होते.