'धम्मट्ठ' शब्दाचा अर्थ आणि वापर

धम्मपदाच्या एकोणिसाव्या वग्गाचे नाव 'धम्मट्ठवग्ग'. त्यातील 'धम्मट्ठ' हा शब्द मराठीत 'धर्मनिष्ठ' असा सांगितला जातो, हे आम्हांस सदोष वाटते. 'धर्मनिष्ठ' म्हणताच मराठी वाचकापुढे व्रतवैकल्ये करणारा भाविक उभा राहतो. वस्तुतः या वग्गाच्या पहिल्या दोन गाथांचा विषय भक्ती नसून न्यायदान आहे. घाईने निकाल लावणारा धम्मट्ठ नव्हे. अर्थ व अनर्थ दोन्ही पारखून समतेने निर्णय देणारा तो धम्मट्ठ, असे तथागत सांगतात. अट्ठकथेतील निमित्तही तेच आहे. श्रावस्तीत पावसामुळे न्यायशाळेत थांबलेल्या भिक्खूंना विनिच्छयमहामत्त, म्हणजे निर्णय देणारे अधिकारी, लाच घेऊन खऱ्या मालकाची मालमत्ता हिरावताना दिसले. कौटिल्यदेखील न्यायाधीशांना 'धर्मस्थ'च म्हणतो. इतका आधार असता या शब्दाला देवघरात का बसवावे?

विनयपिटकाने तर निर्णयाचे एकेक काम वेगळे करून त्याला नाव दिले. मतशलाका गोळा करणारा तो 'सलाकग्गाहापक'. छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणाचे मत घेतले, कोणाचे राहिले हे जाणणाराच त्यासाठी पात्र. वाद मिटविण्यास निवडलेली समिती ती 'उब्बाहिका'. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत अशा आठ भिक्खूंकडे निर्णय सोपविला गेला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती ज्ञात होती असे सांगितले, ते याच परंपरेस अनुसरून.

आमच्याकडे, पुंडलिकनगरसारख्या वस्तीत, विहाराची वर्गणी, बांधकाम, वर्षावासाचे कार्यक्रम ठरविणाऱ्यांना 'पदाधिकारी' म्हणतात. या शब्दात पद आले, अधिकार आला. पारख आली नाही. 'पंच' म्हणावे, तर जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही.

चार अगतींपैकी भय किती घातक, हे या शहराला वेगळे सांगावयास नको. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव करणारे होते, धम्मट्ठ नव्हते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून यापुढील मराठी आवृत्त्यांत 'धम्मट्ठ' हा शब्द तसाच ठेवावा व त्याखाली न्यायशाळेची ती कथा छापावी, अशी आमची संपादकांना सूचना आहे.