आडनाव, वाय गुणसूत्र आणि दत्तकविधान

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांचे ‘अ‍ॅडम्स कर्स’ (२००३) मी दोनदा वाचले. पहिल्यांदा रहस्यकथेसारखे, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात समासात प्रश्नचिन्हे वाढत गेली.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आणि इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने चालते. ग्लॅक्सोचे अध्यक्ष सर रिचर्ड साइक्स हे आपले नातलग असतील का, या सहज प्रश्नावरून लेखकाने दोघांची तपासणी केली. ती जुळली. मग यॉर्कशायर आणि आसपासच्या साइक्स मंडळींना पत्रे गेली, ४८ पुरुषांचे नमुने तपासले गेले, आणि जवळजवळ निम्मे एकमेकांशी जुळले. ‘साइक’ म्हणजे ओढा. ओढ्याकाठचे लोक गावोगाव असणार, तेव्हा आडनावही ठिकठिकाणी वेगवेगळे पडले असणार, ही अपेक्षा. ती चुकली म्हणून लेखकाला आनंद होतो आणि तो एकाच मूळपुरुषाची कथा रचतो.

माझी अडचण उरलेल्या निम्म्यांची आहे. त्यांच्यासाठी लेखकाने हिशेब मांडला आहे: दर पिढीत सुमारे १.३ टक्के मुलगे ‘बाहेरचे’ निघाले की सातशे वर्षांत एवढी तफावत पडते. पण हा हिशेब एकच मूळपुरुष गृहीत धरूनच केलेला आहे. यांतल्या काहींचा ओढाच वेगळा असेल, तर? मूळ शोधनिबंधात (२०००) गुणसूत्रावरच्या चारच खुणा तपासल्या होत्या. एवढ्या पुराव्यावर निम्म्या घराण्याच्या आज्यापणज्यांवर संशय ठेवायचा, हे मला जड जाते.

लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांचे काम अधिक संयत आहे. २००९च्या त्यांच्या अभ्यासात ४० आडनावांचे १,६७८ पुरुष आहेत. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावाचे बहुतेक जण एकाच वंशाचे निघाले. स्मिथ मंडळींत मात्र रस्त्यावरच्या कुणाही पुरुषांइतकीच विविधता आढळली. लोहाराचा धंदा गावोगाव, तसे स्मिथही गावोगाव. आपल्या कुलकर्ण्यांचे हेच आहे: वतन गावागणिक, म्हणून आडनावही गावागणिक.

त्याच विद्यापीठातली तिसऱ्या रिचर्डची गोष्ट तर साइक्सच्या पद्धतीवरचे भाष्यच वाटते. १४८५मध्ये पडलेल्या या राजाचा सांगाडा २०१२मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडला. पुरुषपरंपरेने नात्यातल्या, आज हयात असलेल्या पाच जणांचे वाय तपासले. एकाचेही राजाशी जुळले नाही, आणि त्या पाचांतला एक उरलेल्या चौघांशीही जुळेना. ओळख पटवण्यात मोलाची ठरली ती राजाच्या बहिणीच्या लेकीबाळींतून उतरलेली मायटोकाँड्रियाची खूण. वंशावळीत ज्यांचे नाव लावत नाहीत, त्यांची.

इथे मला कोल्हापूर आठवते. राजर्षी शाहू जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे. १८८४मध्ये चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि ते भोसले झाले. बडोद्याचे सयाजीराव १८७५मध्ये दत्तक गेले, पण कवळाण्याच्या गायकवाडांतूनच. प्रयोगशाळेला या दोन दत्तकांपैकी एक ‘खंड’ दिसेल, दुसरा कदाचित दिसणारच नाही. धर्मशास्त्र आणि दरबार यांना दोन्ही सारखेच वैध.

आपल्याकडचे कुलवृत्तांत म्हणूनच मला साइक्सच्या पुस्तकापेक्षा जाणते वाटतात, त्यांत लेकींना एका ओळीत उरकलेले असले तरीही. तिथे नावापुढे ‘दत्तक’ लिहितात, जनक घराणे नोंदवतात आणि पुढची पिढी मांडायला लागतात. दहा पिढ्या मागे गेले, तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेबद्दल बोलते. साइक्स त्या एकाला संस्थापक म्हणतात. त्याच पिढीतल्या उरलेल्या १,०२३ जागांबद्दल आडनावाच्या त्या प्रकरणात अवाक्षर नाही.