पाण्याच्या वाटेनं वाचावी अशी वास्तू

कवितेचं रसग्रहण करताना आपण पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची गंमत अशी, की तिची पहिली ओळ आवारात नाहीच. ती आहे शहराच्या उत्तरेला काही किलोमीटरवर, हर्सूलच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी मुरलेल्या पाण्यात. तिकीट काढून आत शिरणाऱ्याच्या हाती थेट शेवटचं कडवंच लागतं.

हे शेवटचं कडवंही देखणं आहे. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा; शेजारी मशीद, कारंज्यांचा लांबट हौद आणि उंच भिंतीवरून कोसळणारं पाणी. बाबा मूळचे बुखाऱ्याकडचे, नक्शबंदी परंपरेतले. १७१५च्या सुमारास ते गेले. चक्की त्यांच्या पश्चात झाली. तिचं साल १७४४ सांगतात आणि निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरच्या तुर्कताज खानाचं नाव घेतात. पुढं जमील बेग खानानं हौद आणि कारंजी केली, असंही सांगितलं जातं. बाबांच्या तक्क्यावर, म्हणजे फकिरांच्या मठीत, वाटसरू, फकीर, शागीर्द यांचा राबता. रोज इतक्या पानांसाठी पीठ लागायचं, तर किती जाती आणि किती हात लावायचे? या रोकड्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पाणचक्की. ती शोभेसाठी बांधलेली नाही, भुकेसाठी बांधलेली आहे. शोभा मागून आली.

पाणी इथवर येतं ते जमिनीखालून, खापरी नळांतून. पंप नाही, रहाट नाही. उगम उंचावर आणि चक्की सखलात, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डाव मांडलेला. बंद नळातलं पाणी आपली पातळी सोडत नाही, म्हणून आवाराशी येऊन ते भिंतीच्या पोटातून पुन्हा वर चढतं आणि माथ्यावरून खाली झेपावतं. पर्यटक मोबाइल काढतो तो या झेपेसाठी. पण वाचकानं थांबावं ते चढण्यापाशी. डोंगरावर कमावलेली उंची मातीच्या नळांतून जपत आणायची आणि जिथं काम आहे तिथंच खर्च करायची! या भिंतीएवढा काटकसरी अलंकार क्वचितच पाहायला मिळतो.

मग ती छोटी खोली. जातं आपल्या ओळखीचंच, फक्त घेर मोठा. खालची तळी स्थिर, वरची फिरती. फरक खुंट्याचा. घरच्या जात्याला तो वर असतो आणि त्याला बाईचा हात लागतो. इथं फिरवणारा दांडा जमिनीखालून येतो. तळाशी आडवं, पात्यांचं लोखंडी चाक. पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की चाक फिरतं, त्यात उभा रोवलेला दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर वरची तळी. मध्ये एकही दातेरी चक्र नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. युरोपातल्या गिरण्यांची चाकं बहुधा उभी असत, त्यामुळं गती वळवायला दात्यांची यंत्रणा लागायची. इथं चाकच आडवं ठेवून तो सगळा पसारा टाळला आहे. कमीत कमी शब्दांत अर्थ पोचवणाऱ्या ओवीची ही जातकुळी.

हेच पाणी हौदात जातं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वर कारंजी, खाली खांबांच्या ओळी, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या दालनात गारवा. उरलेलं पाणी खाम नदीला. दळण, वजू, गारवा, शोभा – आणि मग नदी. जेमतेम सातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाण्याला फुकट हिंडू देणं परवडणारं नव्हतं. या शहराला ही शहाणीव जुनी: सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी ही जमिनीखालची पाणीवाट खेळवली होती. आणि पाणचक्कीच्याच दशकात, १७५०च्या आगेमागे, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी पुण्यात आणलं. राजवटी एकमेकींशी लढत होत्या. पाण्याचं व्याकरण मात्र दोन्हीकडं एकच होतं.

आज विजेवरच्या गिरणीत दळणाचा डबा ठेवताना आपल्याला मोटरीची घरघर ऐकू येते. वीज कुठल्या धरणातून की कोळशातून आली, हे कोणी विचारत नाही. पाणचक्की हे विसरू देत नाही. वर पाऊस कमी, तर इथं जातं मंद.

जतनाचा प्रश्न म्हणूनच अवघड होतो. आवार वक्फ मंडळाच्या अखत्यारीत आहे. तिथं फरशी बदलता येते, भिंतीला डागडुजी करता येते. पाणचक्कीची नहर, म्हणजे तिच्या खापरी नळांची वाट, मात्र वाढत्या शहराखालून येते. कुठं रस्त्याचं खोदकाम, कुठं घराचा पाया, कुठं नळात शिरलेली झाडाची मुळं, कुठं साचलेला गाळ. एक खापरी नळ फुटला की पुढचा दाब गेला, आणि दाब गेला की भिंतीवर चढणारं पाणी अर्ध्यातच थांबलं. अलीकडं खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं गेलं आहे, ते स्वागतार्हच. पण नदी हा या पाण्याचा शेवट आहे. तेवढीच काळजी उगमाची आणि वाटेची हवी: नहरीचा संपूर्ण नकाशा, तिच्यावर बांधकामाला बंदी, दर पावसाळ्याआधी गाळउपसा. ही कामं फोटोत येत नाहीत, उद्घाटनाची फीत कापायलाही त्यांत जागा नाही.

उद्या कोणी बोअर मारून, पंप लावून तो धबधबा बारमाही कोसळता ठेवला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला फरक कळणार नाही. तरी ते पाणचक्कीचं जतन ठरणार नाही. ते तिचं सोंग होईल. कारण पंपानं पाणी चढवायचं आणि त्यावर जातं फिरवायचं, हा तिच्या मूळ युक्तिवादावरच बोळा फिरवण्याचा प्रकार आहे.