नभोवाणी आणि पेटी

लोकांची अभिरुचि उंचावणें हें नभोवाणीचें आद्य कर्तव्य होय, असें तिच्या बाल्यावस्थेपासून सांगण्यांत येत आलें आहे. हेतु स्तुत्यच आहे. परंतु अभिरुचि कोणाची आणि ती कोणत्या उपायांनीं उंचवावयाची, हें विचारल्यावांचून त्या कार्याची परीक्षा पुरी होत नाहीं. या परीक्षेस पेटीचें प्रकरण आम्हांस विशेष उपयुक्त वाटतें.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर गवयास जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. ध्वनिक्षेपकापुढें त्याला राग थोडा तरी विस्तारतां येऊं लागला. ख्यालाच्या शेजारीं नाट्यगीत, भावगीत, श्रुतिका असा मिश्र फराळ श्रोत्यांपुढें मांडला जाऊं लागला, आणि ज्या कुलीन स्त्रियांना बैठकीची पायरी चढणें अशक्य होतें, त्यांच्या कानीं घरबसल्या उत्तम गाणें पडूं लागलें. हा उपकार लहान नव्हे.

परंतु मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या केंद्रांवरून हद्दपार केलें. तिच्यावरील आक्षेप पोकळ नव्हते. पेटीचे स्वर ठरीव. दोन पट्ट्यांमधील श्रुति तिला दाखवितां येत नाहींत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींड तर तिच्या आवांक्याबाहेरची. रवींद्रनाथांसारखा कविहि तिच्या विरुद्ध होता. येथवर आम्ही आक्षेपकांशीं सहमत आहों.

मतभेद पुढें आहे. या सदोष वाद्यांतूनहि केवढें माधुर्य निघूं शकतें, हें गोविंदराव टेंबे यांनीं महाराष्ट्रास दाखविलें होतें. वाद्याची उणीव निराळी आणि वादनाची निराळी. वादन पारखण्याचे कष्ट टाळून वाद्यासच शिक्षा ठोठावणें हा रसिकाचा न्याय नव्हे. शिवाय या शिक्षेचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं. ख्यालगायकास सारंगी होती. खेड्यांतील भजनास चाल धरावयाला पेटीवांचून दुसरें वाद्य हाताशीं नव्हतें. पौडाकडेच पाहा. पौडाच्या वरच्या अंगास मुळशीस बांधलेल्या धरणाची वीज मुंबईकडे निघाली ती १९२७ च्याच सुमारास. सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं केलेला सत्याग्रह तें धरण थोपवूं शकला नव्हता. मुंबईच्या सुखसोयींसाठीं ज्या खोऱ्यानें जमिनी गमावल्या, त्या खोऱ्यांतील भजनकऱ्यांस आपली पेटी घेऊन मुंबईच्या ध्वनिक्षेपकापुढें बसण्याची मात्र मनाई झाली.

बरें, फळ तरी काय मिळालें? सुमारें तीन दशकांनीं बंदी सैल करावी लागली. तेवढ्या अवधींत मैफलींतून पेटी हटली नाहीं. उलट सारंगीच मागें पडली. याच्या जोडीला दुसरा दाखला ठेवावा. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रानें ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें गीतरामायण वर्षभर, आठवड्याआड नव्हे तर दर आठवड्यास, ऐकविलें, गीतें छप्पन्न. कथा घरोघरीं ठाऊक असलेली, शब्द सोपे, चाली रागांच्या आधारानें बांधलेल्या. ज्यांना रागांचीं नांवेंहि ठाऊक नव्हतीं असे श्रोते त्या चाली गुणगुणूं लागले. नभोवाणीनें येथें कोणाच्या हातांतील वाद्य काढून घेतलें नाहीं. आपल्या पदरचें कांहीं दिलें. अभिरुचि उंचावण्याचा दावा आम्ही एवढ्यापुरताच मान्य करतों.